घरच्या शेडमध्ये पिकअपला लिफ्ट किट बसवताना: तयारी, क्रम आणि आवळणी

मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) आणि पुढे कॉइल स्प्रिंग असलेली डबल कॅब पिकअप, म्हणजे आपल्याकडे रस्त्यावर दिसते ती इसुझु व्ही-क्रॉस, समोर ठेवून हे लिहितोय. लिफ्ट किट म्हणजे गाडी मूळ उंचीपेक्षा वर उचलणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच. नट-बोल्ट खोलणं कुणालाही जमतं. फसतं ते आवळण्यात. गाडी जॅकवर लटकलेली असतानाच सगळे बोल्ट फुल्ल आवळले जातात, चार-सहा महिन्यांत बुश (जोडातली रबरी नळकांडी) फाटतात आणि मग दोष किटला दिला जातो. म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसवा. उंची बदलली की जुन्या उंचीला सवयीने बसलेलं प्रत्येक रबर, नळी, वायर आणि शाफ्ट नव्या उंचीला नव्याने बसवावं लागतं. स्प्रिंग बदलणं हे त्या कामाचं निम्मंच आहे.

जुने पाटे दबलेत म्हणून मूळ मापाचेच नवे टाकायचे असतील, तरी मागच्या बाजूचा क्रम हाच.

आधी कायद्याचं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल मालकाला करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडक अर्थानेच वाचलं. कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर क्लेम अडवू शकते. त्यामुळे आरटीओत आणि विमा कंपनीत आधी लेखी विचारा, आणि काढलेले मूळ पार्ट भंगारात देऊ नका. हे वाचून ज्याला मूळ मापाचेच स्प्रिंग टाकावेसे वाटतील, त्याचा निर्णय चुकीचा नाही.

१. किती उंच करायचं, ते आधी ठरवा

४० ते ५० मिलिमीटर. घरच्या कामाला एवढी हद्द पुरे. त्याच्या वर गेलात की पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्याचे रबरी बूट घासून फाटतात, वरच्या आर्मचा (चाकाची बाजू चेसिसशी जोडणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट टोकाला जातो आणि डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) खाली घेण्यापासून वेगळे आर्म बसवण्यापर्यंत कामं निघत जातात.

पुढच्या स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र जोडावर) स्पेसर, म्हणजे जाड चकती, टाकणारे इथे हमखास चुकतात. ५० मिलिमीटर उंची हवी म्हणून ५० मिलिमीटरचा स्पेसर आणतात. स्ट्रट खालच्या आर्मवर चाकापाशी नसतो, आर्मच्या साधारण मध्यावर असतो. त्यामुळे वर २५ मिलिमीटरचा स्पेसर टाकला तर चाकापाशी उंची जवळपास दुप्पट वाढते. ५० चा टाकला तर गाडी पुढून एवढी उचलेल की पहिल्याच खड्ड्यात चाक खाली लोंबताना वरचा आर्म स्प्रिंगला टेकेल. माझं मत विचाराल तर स्पेसर नकोच. पूर्ण स्प्रिंग-शॉकअपचा सेट घ्या.

मागे लाकडाचा किंवा लोखंडाचा ठोकळा ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये टाकून गाडी उचलणारे पुष्कळ आहेत. उंची मिळते, पण शॉकअप जुन्याच लांबीचा राहतो. चाक खड्ड्यात उतरलं की शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि सगळा झटका त्याच्या माउंटिंगवर येतो. मग एक दिवस माउंटिंगच तुटतं. मागे पाट्यांचा पूर्ण संच बदला आणि त्याच्या जोडीचे लांब शॉकअप घ्या.

२. मापं आणि खुणा

सपाट फरशीवर गाडी उभी करा. चारही टायरमध्ये नेहमीची हवा, हौद रिकामा. चाकाच्या हबच्या मधोमध ते वर मडगार्डच्या कडेपर्यंत, असं चारही कोपऱ्यांचं माप घेऊन वहीत लिहा. जमिनीपासून माप घेऊ नका. टायरची हवा कमी-जास्त असली की तो आकडा खोटा पडतो.

माप घेताना दिसेल की गाडी मुळातच मागून थोडी उंच आहे. हौदात माल भरल्यावर ती सरळ व्हावी म्हणून कंपनीने तशी केलेली असते. त्यामुळे पुढे आणि मागे सारखाच लिफ्ट लागतो असं नाही. हौदात कायम कॅनॉपी किंवा वजन असेल तर पाटे त्या वजनाचे घ्यावे लागतात. रिकाम्या गाडीला ३०० किलो कायम वजनाचे पाटे टाकले तर गाडी बैलगाडीसारखी आदळेल.

आता बाहेर नेऊन भिंतीसमोर १० मीटरवर लावा. डिपर (लो बीम) चालू करून भिंतीवर उजेडाची वरची कडा जिथे पडते तिथे चिकटपट्टीची खूण करा. हेडलाइटच्या काचेचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे तेही लिहून ठेवा. हे दोन आकडे शेवटच्या टप्प्यात लागतील, आणि तेव्हा ते परत मिळणार नाहीत.

३. जागा आणि हत्यारं

सिमेंटची कोबा केलेली सपाट जमीन पाहिजे. पेव्हर ब्लॉक नको, मुरूम नको, डांबर तर उन्हाळ्यात अजिबात नको. माझा बॉटल जॅक एकदा पेव्हर ब्लॉकवर तिरका होत गेला. तो पडला नाही, कारण घोडी लावलेली होती. चेसिस घोडीवर टेकताना जो आवाज झाला, तो ऐकल्यापासून मी जाड फळी टाकल्याशिवाय जॅक लावत नाही.

- तीन टनांच्या चार घोड्या, म्हणजे जॅक स्टँड. विटा, दगड, रिकामी डिस्क चालत नाही.
- दोन जॅक. त्यातला एक ट्रॉली जॅक असला तर उत्तम.
- गोटी पान्यांचा सेट, रिंग पाने, लांब टॉमी, दोन किलोचा हातोडा.
- टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरालाच बोल्ट आवळता येतो तो पाना. नसेल तर दोन दिवस भाड्याने किंवा ओळखीच्या मिस्त्रीकडून आणा. तो नसेल तर काम सुरू करू नका.
- नवे यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे यू आकाराचे बोल्ट) आणि त्यांचे नवे नट. नव्या स्प्लिट पिना.
- पांढरा ऑइल पेंट, बारीक ब्रश, जाड सुतळी.

गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवायचं तेल दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ मारा. कोकणातली गाडी असेल तर चार दिवस धरा. पाट्यांच्या पुढच्या डोळ्यातला बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून बसलेला असतो आणि कामाचा अर्धा दिवस तोच खातो.

प्रत्येक बोल्टचा टॉर्क तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून आणि किटच्या कागदावरून मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवा. दुसऱ्या गाडीचे आकडे, व्हिडिओतले आकडे लावू नका.

तपासा: किट उघडून सगळं मांडून पाहिलं का? पुढच्या दोन स्प्रिंग बऱ्याच किटमध्ये सारख्या नसतात. ड्रायव्हर साइडची वेगळी, क्लीनर साइडची वेगळी. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, हे लक्षात ठेवूनच खुणा वाचा. किट डाव्या स्टिअरिंगच्या देशासाठी छापलेलं असेल तर कागदावरचं डावं-उजवं उलटं पडेल.

४. स्ट्रट आधी बांधून घ्या, आणि हे घरी करू नका

कॉइल स्प्रिंग दाबून स्ट्रटवर चढवणं हा या कामातला एकमेव भाग आहे जो मी घरी करत नाही. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात, जबडा, काहीही जाऊ शकतं. बाजारात मिळणारे दोन हुकांचे स्वस्त कॉम्प्रेसर जाड तारेच्या पिकअप स्प्रिंगवर घसरतात. ज्या वर्कशॉपमध्ये भिंतीला किंवा स्टँडला पक्का बसवलेला कॉम्प्रेसर आहे तिथे नेऊन दोन्ही स्ट्रट बांधून आणा. जुन्या स्ट्रटवरचं वरचं माउंट नव्यावर घ्यायचं असेल तर जुने काढून तिकडे न्यावे लागतील. त्या दिवशी गाडी घोड्यांवरच उभी राहणार, हे धरून चाला.

बांधायला देण्याआधी जुन्या स्ट्रटवर वरच्या प्लेटपासून खालच्या डोळ्यापर्यंत पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ ओढा. वरच्या प्लेटचे तीन बोल्ट आणि खालचा डोळा यांचा एकमेकांशी ठरलेला कोन असतो. नव्यावर तो दहा अंशांनी जरी फिरला तरी गाडीत बसवताना खालचा बोल्ट भोकात जात नाही, आणि मग लोक टॉमी घालून बुश पिळून बोल्ट ठोकतात. परत आल्यावर स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेत बरोबर टेकलंय का, ते बोट घालून बघा.

सावधान: स्ट्रटच्या डोक्यावर मधोमध जो एकटा नट असतो, त्याला स्ट्रट गाडीत असताना हात लावू नका. पूर्ण दाबलेली स्प्रिंग त्या एका नटने धरलेली असते.

५. मागचे पाटे

मागून सुरुवात करा. काम सोपं आहे आणि हात बसतो.

पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. गाडी मागून उचला, घोड्या चेसिसखाली लावा, पाट्यांच्या पुढच्या हँगरच्या जरा पुढे. ॲक्सल जॅकवर तोलून धरा. गाडीला दोन्ही हातांनी जोरात ढकला. हलली तर घोड्या परत लावा.

एका वेळी एकच बाजू. दुसऱ्या बाजूचे पाटे तसेच राहिले तर ॲक्सल जागेवर राहतो. दोन्ही बाजू एकदम खोलल्या की ॲक्सल जॅकवर फिरतो, पुढे-मागे सरकतो, आणि तो परत जागेवर आणायला चार माणसं लागतात.

क्रम असा. ब्रेक होजचा क्लॅम्प आणि हँडब्रेकच्या केबलची क्लिप सोडा. शॉकअपचा खालचा बोल्ट काढा. यू-बोल्टचे नट काढा. ॲक्सल जॅकने फक्त तेवढाच खाली घ्या की पाट्यांवरचं वजन सुटेल. त्यापेक्षा जास्त सोडला तर ब्रेकची होज ताणते. मग शॅकलचा (पाट्यांच्या मागच्या टोकाच्या हलत्या कडीचा) बोल्ट, शेवटी पुढच्या डोळ्याचा. पाटे एकट्याने उतरवू नका.

नवा संच ठेवताना त्याचा सेंटर बोल्ट पाहा. बहुतेक पाट्यांत तो बरोबर मध्यावर नसतो, आखूड बाजू पुढे येते. उलटा बसवला की ॲक्सल मागे जातो आणि चाक मडगार्डच्या मधोमध दिसत नाही. जुना संच शेजारी ठेवून दोन्हींची आखूड बाजू एकाच दिशेला आहे का, ते बघूनच उचला.

पुढचा डोळा आधी, मग शॅकल, दोन्ही बोल्ट हाताने नट फिरेल एवढेच. आता ॲक्सल हळूहळू वर घ्या. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या पॅडमधल्या भोकात उतरलं पाहिजे. ते दिसत नाही, म्हणून बोट घालून चाचपा (जॅक हलत नसताना!). डोकं भोकाच्या काठावर बसलेलं असताना यू-बोल्ट आवळले तर नट घट्ट लागतो, सगळं बरोबर वाटतं, आणि ५० किलोमीटरनंतर डोकं टकदिशी घसरून ॲक्सल तिरका होतो.

यू-बोल्ट नेहमी नवे. एकदा पूर्ण टॉर्कला ताणलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तेवढाच धरून ठेवेल याची खात्री नसते. चारही नट कोपऱ्या-कोपऱ्याने, तीन फेऱ्यांत आवळा आणि चारही पायांचे नटाखाली निघालेले आटे सारखे दिसतायत का ते बघा. एका बाजूला दहा आणि दुसऱ्या बाजूला चार आटे दिसत असतील तर सोडून परत. आत्ता पूर्ण टॉर्क देऊ नका, दोन तृतीयांश पुरे.

किटमध्ये पाचर दिली असेल तर ती डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन सुधारण्यासाठी आहे. जाड बाजू कुठे, हे किटच्या कागदावरूनच ठरवा, अंदाजाने नाही.

तपासा: ॲक्सल लटकलेला असताना ब्रेकची होज, एबीएसची वायर, हँडब्रेकची केबल आणि डिफरन्शियलची हवेची नळी यांपैकी काही ताठ झालंय का? बोटाने ओढून सैलपणा जाणवला पाहिजे. लांब होजचा वेगळा सेट लागला तर तो आणेपर्यंत काम थांबवा.

६. पुढची बाजू

आता पुढून उचला, घोड्या चेसिसखाली, मागच्या चाकांना ठोकळे. चाक काढा. खालच्या आर्मखाली जॅक लावा.

पहिल्यांदा नकलवरच्या (चाकाचा हब धरणाऱ्या भागावरच्या) ब्रेक होजचा आणि एबीएस वायरचा ब्रॅकेट सोडा. हे विसरून नकल खाली सोडलेली मी पाहिली आहे. वायर आतून तुटते, बाहेरून दिसत नाही, आणि एबीएसचा दिवा दोन दिवसांनी लागतो.

स्टॅबिलायझर बारच्या (डावी-उजवी बाजू जोडणाऱ्या दांडीच्या) लिंका दोन्ही बाजूंच्या सोडा. एकच सोडली तर बार दुसऱ्या बाजूने जोर लावत राहतो. मग स्ट्रटचा खालचा बोल्ट. मग वरच्या बॉल जॉइंटची पिन काढा आणि नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, तीन-चार आटे राहू द्या. नकलचा जो भाग बॉल जॉइंटची दांडी धरून आहे त्यावर बाजूने हातोड्याचे दोन कडक घाव घाला. जोड सुटतो. दांडीवर किंवा रबरावर मारू नका. नट शिल्लक ठेवलेला असतो म्हणून नकल उडत नाही.

आता सुतळीने नकल वर चेसिसला बांधून मगच नट पूर्ण काढा. ती बाहेर कलंडली तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट ओढला जाऊन निघू शकतो. सगळ्यात शेवटी वरचे तीन नट. तिसरा काढताना कुणालातरी स्ट्रट धरायला सांगा.

नवा स्ट्रट वरच्या तीन नटांवर हाताने टांगा, जॅकने आर्म वर घेऊन खालचा बोल्ट घाला. भोक जुळत नसेल तर जॅक वर-खाली करा, हातोडा नको. बॉल जॉइंटचा नट मात्र आत्ताच पूर्ण टॉर्कला आवळा आणि नवी पिन घाला, कारण तिथे पिळणारं रबर नाही. भोक पुढे-मागे झालं तर नट पुढे न्या, पिनसाठी मागे सैल करू नका.

स्ट्रटचा खालचा बोल्ट, वरच्या आणि खालच्या आर्मचे चेसिसकडचे बोल्ट, स्टॅबिलायझरच्या लिंका: हे सगळे सैल. आर्मचे बोल्ट तुम्ही काढले नसले तरी अर्धा फेरा सैल करा. त्याआधी त्यांच्या डोक्यावर आणि चेसिसवर मिळून एक पांढरी रेघ मारा, म्हणजे मूळ जागा हरवणार नाही.

तपासा: चाक न लावता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. होज कुठे ताणते का? वरचा आर्म स्प्रिंगला लागतो का? ड्राइव्ह शाफ्टच्या बुटाच्या घड्या एकमेकांवर घासतात का?

७. गाडी खाली, आणि मगच आवळणी

लेखातला खरा टप्पा हा.

बुश म्हणजे नुसतं रबर नाही. रबर आतल्या लोखंडी नळीला आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जाम होते आणि आर्म हलतो तेव्हा रबर पिळलं जातं. गाडी हवेत असताना आवळलंत तर रबराची "शून्य" जागा लटकलेल्या आर्मची झाली. गाडी जमिनीवर आल्या क्षणापासून ते कायम पिळलेलं राहणार. गाडी हवी त्यापेक्षा उंच उभी राहते, लोक खूश होतात, आणि मग कुईकुई सुरू होते.

चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा. शेडमध्ये तीन-चार मीटर पुढे-मागे करा. हौदावर आणि बॉनेटच्या बाजूला उभं राहून दाबून सोडा. गाडी स्वतःची उंची घेऊ दे. मग खाली शिरून भिंतीवरच्या कागदाप्रमाणे एकेक बोल्ट टॉर्कला आवळा आणि प्रत्येकावर पेंटचा ठिपका द्या. ठिपका नाही म्हणजे आवळलेला नाही. यू-बोल्टही आत्ता पूर्ण.

खाली शिरायला जागा पुरत नसेल तर घोड्या मागे ॲक्सलखाली आणि पुढे खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावा. वजन स्प्रिंगवरच राहतं. घोड्या चेसिसखाली लावून आवळलंत तर सगळी मेहनत वाया.

८. पहिले पाच किलोमीटर

आधी जागेवर ब्रेक दाबून बघा, मग गल्लीत १० च्या वेगाने. अलाइनमेंट होईपर्यंत ४० च्या पुढे जाऊ नका. उंची बदलल्यामुळे चाकांचा टो (चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बिघडलेला असतो, गाडी भरकटते.

आवाज ऐका. निघताना एकदाच "टक्" झालं तर यू-बोल्ट किंवा स्ट्रटचे वरचे नट. गाडी वेग घेताना, २०-३० च्या वेगात, बुडाखाली घरघर जाणवली तर प्रोपेलर शाफ्टचं मधलं बेअरिंग. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, मागचा ॲक्सल खाली गेल्यामुळे मध्ये कोन पडतो. मधल्या बेअरिंगचा ब्रॅकेट वायसर किंवा छोट्या स्पेसरने थोडा खाली घेतला की बहुतेक वेळा ती जाते.

अलाइनमेंटवाल्याला सांगा की गाडी उंच केली आहे, आणि फक्त टो नको, कॅम्बर-कॅस्टर या चाकाच्या कलांचे आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर हवेत. "स्टिअरिंग सरळ झालं ना?" एवढ्यावर परत येऊ नका. ईएससी (गाडी घसरताना सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीला स्टिअरिंग सेन्सरही रीसेट करून घ्या.

९. हेडलाइट

हे सगळे विसरतात, त्याचा त्रास समोरून येणाऱ्याला होतो. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस ३,०९५ मिलिमीटर आहे. पुढची बाजू मागच्यापेक्षा फक्त २० मिलिमीटर जास्त उचलली गेली तरी ५० मीटरवर उजेड सुमारे ३२ सेंटिमीटर वर जातो. म्हणजे थेट समोरच्या कारवाल्याच्या डोळ्यात. गाडी परत त्याच भिंतीसमोर १० मीटरवर लावा. काचेचा मध्य जेवढा उंच झाला तेवढी जुनी खूण वर सरकवा आणि डिपरची कडा त्या नव्या खुणेवर आणा.

१०. परत आवळणी

१०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासा. पहिल्या वेळी यू-बोल्टचे नट थोडेफार फिरतातच, नवे पाटे एकमेकांवर बसत असतात. ५०० वर सगळे ठिपकेवाले बोल्ट. १,००० वर हबपासून मडगार्डपर्यंतची मापं परत घ्या. नवी स्प्रिंग पहिल्या महिन्यात काही मिलिमीटर बसते, ते ठीक. डाव्या-उजव्यात १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर आधी स्प्रिंगच्या डाव्या-उजव्या खुणा बघा, मग बुश कुठे हवेत आवळला गेलाय का ते. तसा सापडला तर तो बोल्ट जमिनीवर सैल करून, गाडी दोनदा दाबून, परत आवळायचा.